पाटी नेमकी कोणाबद्दल बोलते? खानदेशच्या रस्त्यावर हलाल जेवण शोधण्याचा इतिहास



पेट पास झाल्यावर पहिला मोठा डोंगर असतो तो विषय निवडण्याचा. त्यावर बरेच जण मेसेज करतात. आज माझ्याच विषयाचं उदाहरण घेऊन सांगते, कारण "हा काय पीएचडीचा विषय झाला?" हे वाक्य त्याच्या वाट्याला भरपूर आलंय. विषय असा : धुळे, जळगाव आणि आसपासच्या रस्त्यांवरून बायकामुलांसह प्रवास करणारं मुसलमान कुटुंब जेवायला कुठे थांबत होतं, आणि इथे आपल्याला चालेल हे ते ओळखत कसं होतं?

आज हा प्रश्न फोनवर दोन शब्दांत विचारला जातो : हलाल, फॅमिली. उत्तरही मिळतं. पण या दोन शब्दांमागे दोन वेगळे इतिहास आहेत. एकाची कागदपत्रं आहेत, दुसऱ्याची जवळपास नाहीत.

मी मूळची सूक्ष्मजीवशास्त्राची, त्यामुळे पहिला विचार प्रयोगशाळेचाच आला. समोर मटणाची प्लेट आहे. ती हलाल आहे का, तपासायचं. हलाल म्हणजे धर्माने परवानगी दिलेलं. मांसाच्या बाबतीत त्याचा अर्थ प्राणी खाण्यास परवानगी असलेला हवा, तो अल्लाचं नाव घेऊन गळ्याची नस कापून मारलेला हवा, रक्त वाहून गेलेलं हवं. आता पीसीआर चाचणीने मांस शेळीचं, म्हशीचं की डुकराचं हे नीट कळतं. पण कापताना कोणी काय म्हटलं, हे कोणतंच यंत्र सांगत नाही. म्हणजे हलाल ही गोष्ट अर्धीच पदार्थात आहे. उरलेली अर्धी आहे ती सांगणाऱ्या माणसावरच्या विश्वासात. गावात हा विश्वास वेगळा शोधावा लागत नाही, खाटीक पिढ्यांच्या ओळखीचा असतो. घर सोडून पन्नास कोस गेलं की सगळे अनोळखी. म्हणून हलाल जेवण 'शोधण्याचा' इतिहास हा मुळात प्रवासाचा इतिहास आहे. गाईडना हे वाक्य पटलं तेव्हा विषय मंजूर झाला.

आता कामाची गोष्ट. आजचा शब्द हातात घेऊन कालच्या कागदांत शिरू नका. 'हलाल' हा शब्द मराठीला नवा नाही. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात तो आहे. निमकहलाल, हरामखोर हे तर आपण रोज वापरतो, कोणी धर्म विचारत नाही. पण जेवणाच्या जागेला 'हलाल' असं विशेषण लावायची पद्धत अगदी अलीकडची आहे. त्यामुळे 'हलाल हॉटेल' शोधत एकोणिसाव्या शतकात गेलात तर रिकाम्या हाताने परत याल आणि "तेव्हा असं काही नव्हतंच" असा चुकीचा निष्कर्ष काढाल. त्याऐवजी हे काम तेव्हा कोण करत होतं, ते शोधायचं.

आपल्याकडे ते काम मुलाणा करत होता. ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहिला. त्यात गावच्या बलुतेदारांच्या यादीत मुलाणा आहे, आणि हिंदू गावाच्या व्यवस्थेत हा माणूस कसा, याचं साहेबाला आश्चर्य वाटलेलं दिसतं. गावकऱ्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. देवाला बकरं कापायचं असो की लग्नाचं मटण असो, सुरी मुलाण्याची आणि त्याचा हक्क ठरलेला. याचा आपल्या विषयाशी संबंध असा की महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत हिंदू घरातलं मटणसुद्धा हलालच होतं, फक्त तसं कोणी म्हणत नव्हतं. वेगळं सांगायची गरजच नव्हती. तिथून जाणाऱ्या मुसलमान वाटसरूला "बकरं मुलाण्याने कापलं का?" एवढं विचारलं की पुरत असणार. हा माझा अंदाज आहे, पण मुलाण्याचं बलुतं हा पुरावा त्याच्या बाजूने उभा आहे. खानदेशात चित्र आणखी मिसळलेलं. सातपुड्याच्या पायथ्याला यावल, रावेर, चोपडा भागात तडवी भिल्ल राहतात, ते मुसलमान आहेत. पिंजारी, मणियार गावोगाव आहेत आणि घरात अहिराणी किंवा गावची मराठी बोलतात.

गावाबाहेरच्या रस्त्याचं काय? इथे एक भारी साधन आहे. तावेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात अनेकदा हिंदुस्थानात आला. त्याचं प्रवासवर्णन १६७६ मध्ये फ्रेंचमध्ये छापलं गेलं आणि व्ही. बॉल यांचं इंग्रजी भाषांतर १८८९ चं आहे. सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाताना तो जे मुक्काम देतो ते वाचून आपल्या भागातला माणूस हरखून जाईल : नवापूर, नंदुरबार, सिंदखेडा, थाळनेर, चोपडा, सांकळी, रावेर. नावं त्याने फ्रेंच कानाने लिहिलीत, त्यामुळे ओळखायला थोडी कसरत आहे. थाळनेर ही फारुकी सुलतानांची आधीची राजधानी, बुऱ्हाणपूर नंतरची. अकबराने १६०१ मध्ये असिरगड घेतला तोवर हे राज्य चाललं. म्हणजे हा रस्ता शतकानुशतकं मुसलमान सरदार, व्यापारी, फकीर, सैनिक यांच्या पायाखालचा होता.

तावेर्निए दोन गोष्टी नोंदवतो. मोठ्या गावात मुसलमान अधिकारी असला तर मेंढरं, कोंबड्या, कबुतरं विकत मिळतात. जिथे फक्त बनिया वस्ती आहे तिथे पीठ, तांदूळ, भाज्या आणि दूध. दुसरी गोष्ट सराईची. कुडाच्या नाहीतर भिंतीच्या आवारात गवताने शाकारलेल्या झोपड्या, तिथे पीठ-तांदूळ-लोणी विकणारी आणि भाकरी-भात करून देणारी माणसं, त्यांत बायकाही. मुसलमान प्रवासी आला की तो गावात जाऊन मटणाचा तुकडा किंवा कोंबडी मिळवतो. नीट बघा : सराईत तयार मांस नाही. मांस प्रवासी स्वतः मिळवतो, डोळ्यासमोर.  विश्वासाचा प्रश्न असा सोडवलेला आहे की विश्वास ठेवायची वेळच येऊ नये! उत्तरेत हे काम करणाऱ्यांची भटियारा नावाची जातच होती. आजही काही ढाब्यांवर "कोंबडी तुमची, बनवणावळ आमची" असा सौदा होतो, तो या पद्धतीचा नातेवाईक म्हणायला हरकत नाही.

आता रेल्वे. जीआयपी रेल्वेची लाइन भुसावळला आली, तिथून एक फाटा नागपूरकडे गेला, दुसरा खंडव्यावरून १८७० मध्ये जबलपूरला जोडला गेला. भुसावळ एवढं मोठं जंक्शन झालं की खानदेशातला प्रवास म्हणजे भुसावळला गाडी बदलणं असा अर्थ झाला. चाळीसगाव–धुळे फाटा आणि सुरतेकडून अमळनेरला येणारी तापी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमाराची. रेल्वेने प्रवाशाची एक सोय काढून घेतली, ती थांबण्याची. सराईत तुम्ही कोंबडी शोधायला गावात जाऊ शकत होतात. स्टेशनवर गाडी काही मिनिटं थांबते, तेवढ्यात काय मिळेल ते. मग जे झालं ते सगळ्यांना ऐकून माहीत आहे : "हिंदू पाणी, मुसलमान पाणी", "हिंदू चहा, मुसलमान चहा". देशभरच्या मोठ्या स्टेशनांवर हिंदू आणि मुसलमान अशी वेगळी उपाहारगृहं झाली, वेगळे ठेकेदार, वेगळे फेरीवाले.

याकडे आपण आज फक्त फाळणीच्या चष्म्यातून बघतो. ते बघायलाच हवं. ही विभागणी अपमानास्पद होती, आणि दलित प्रवाशासाठी तर त्या 'हिंदू' पाण्यातही आणखी एक भिंत होती. पण रितिका प्रसाद यांचं 'ट्रॅक्स ऑफ चेंज' हे २०१५ चं पुस्तक वाचलंत तर दिसेल की रेल्वेतल्या खाण्यापिण्याच्या सोयींसाठी प्रवाशांकडून सतत मागण्या आणि तक्रारी होत होत्या. मला स्वतःला त्यात एक साधी गरज दिसते : पाच मिनिटांत, अनोळखी प्लॅटफॉर्मवर, पोराच्या हातात काय द्यायचं हे कोणीतरी खात्रीने सांगावं. सरकारने या गरजेला उत्तर दिलं ते माणसांचे गट पाडून. आणि संशोधकाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे त्यातून फाइली तयार झाल्या : ठेके, परवाने, तक्रारी, पत्रव्यवहार. मुलाण्याच्या सुरीची फाइल नव्हती, सराईतल्या बाईची नव्हती. जिथे भानगड होते तिथे कागद होतो, आणि जिथे लोक आपापसांत निभावून नेतात तिथे कागदच नसतो. अर्काइव्हमध्ये बसून इतिहास लिहिला तर सगळा भूतकाळ भांडणाचा वाटायला लागतो, त्याचं एक कारण हे आहे.

याच टप्प्यावर मला माझं वर्गीकरण सापडलं, आणि तेच या लेखाचं कारण. 'मुसलमान चहा' ही पाटी चहाबद्दल काहीच सांगत नाही. चहात काय हलाल-हराम? ती पाटी गिऱ्हाइकाबद्दल बोलते : हा चहा कोणी प्यायचा. दुसऱ्या प्रकारची पाटी मालकाबद्दल बोलते. मदिना, गरीब नवाज, गुलशन, वर ७८६ चा आकडा. किंवा दुसऱ्या बाजूला 'ब्राह्मण भोजनगृह', 'मराठा खानावळ'. तिसरी पाटी पदार्थाबद्दल बोलते : शाकाहारी, मांसाहारी, हलाल, झटका. तिन्ही पाट्या वाचून प्रवासी एकाच निर्णयाला येऊ शकतो, पण समाज म्हणून त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'हलाल' लिहिलेल्या हॉटेलात कोणीही बसू शकतं. 'मुसलमान उपाहारगृह' तसं म्हणत नव्हतं.

२६ जानेवारी १९५० नंतर पहिल्या प्रकारच्या पाटीचा पायाच गेला. राज्यघटनेच्या कलम १५(२) प्रमाणे दुकान, सार्वजनिक उपाहारगृह, हॉटेल इथे धर्म, जात, लिंग यांवरून कोणाला अडवता येत नाही. स्टेशनवरची उपाहारगृहं आता 'शाकाहारी' आणि 'मांसाहारी' झाली. गिऱ्हाइकाची पाटी उतरली, पदार्थाची चढली. पण 'मांसाहारी' या शब्दाने मुसलमान प्रवाशाचा प्रश्न सुटत नव्हता, मांस कुणी कापलं हे त्यात नाही. मग तो पुन्हा मालकाच्या पाटीकडे वळला. धुळ्यात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. जुने लोक अजून एन.एच. तीन आणि सहाच म्हणतात. मुंबईहून येणाऱ्याला वाटेत मालेगाव लागतं, पुढे धुळे, दोन्ही यंत्रमागांची आणि मोठ्या मुसलमान वस्तीची शहरं. त्यामुळे या पट्ट्यात नाव वाचून हॉटेल ओळखणं सोपं होतं. ट्रक ड्रायव्हर कुठे थांबलेत हे बघणं हा दुसरा नियम.

इथपर्यंत मी 'प्रवासी' म्हणतेय आणि तुमच्या डोळ्यासमोर पुरुष आहे. माझ्याही होता, कारण साधनांतच तो आहे. सराईत कोंबडी शोधायला जाणारा पुरुष, प्लॅटफॉर्मवर उतरणारा पुरुष, ट्रक ड्रायव्हर तर पुरुषच. बायका आणि पोरं काय खात होती? हे शोधायला अर्काइव्ह सोडून मुलाखती घ्याव्या लागल्या. शिरपूर तालुक्यातल्या एका वयस्कर पिंजारी आजींना (संमतीपत्रात ठरल्याप्रमाणे नाव देत नाही) मी विचारलं, लहानपणी प्रवासात कोणत्या हॉटेलात थांबायचात? त्या हसल्या. "हाटेलमा कोन जाय व माय? भाकर संगे ऱ्हाये." मग त्यांनी पाऊण तास शिदोरीबद्दल सांगितलं. मटण कधीच न्यायचं नाही, उन्हात टिकत नाही. भाकरी, तिळाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, कांदा, उकडलेली अंडी. एस.टी.त खाल्लं तर लोक वासाने बघतात म्हणून अंडी उतरल्यावर. हलालचा प्रश्न घरातल्या चुलीपाशी आदल्या रात्री सुटलेला असायचा, आणि तो सोडवणारी बाई कोणत्याही गॅझेटिअरात नाही. १८८० चं खानदेश गॅझेटिअर माझ्या टेबलावर असतं. धर्मशाळा, बंगले यांची माहिती त्यात मिळते, या चुलीची नाही.

बाईला हॉटेलात जागा मिळाली ती पडद्यामागे. मुंबईच्या इराणी हॉटेलांत लाकडी आडोशाच्या 'फॅमिली रूम' होत्या. पुढे ती कल्पना महाराष्ट्रभर गेली : जिन्याच्या वर, नाहीतर मागे, पडदा लावलेली टेबलं. वाढप्याला बेल वाजवून बोलवायचं. याला धर्म नव्हता. मराठा, लेवा पाटील, मुसलमान, सगळ्याच घरांतल्या बायका तिकडे जायच्या. फील्डवर्कला एकटी फिरताना मलाही वाढपी न विचारता फॅमिली रूममध्ये नेऊन बसवतात, म्हणजे मी एक सदस्यीय फॅमिली! आता माझ्या वर्गीकरणात 'फॅमिली' ही पाटी कुठे बसते? पदार्थाबद्दल नाही, मालकाबद्दल नाही. ती गिऱ्हाइकाबद्दल आहे. १९५० नंतर जी पाटी उतरली म्हणालो, ती दुसऱ्या नावाने आत राहिलीच.

'फॅमिली' शब्दाला दुसरा अर्थ दारूने दिला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. परवाना असलेल्याला दारू मिळेल अशी जागा म्हणजे परमिट रूम. रस्त्यावर 'परमिट रूम व बार' दिसायला लागल्यावर 'फॅमिली रेस्टॉरंट' म्हणजे इथे दारू नाही, किंवा निदान वेगळ्या बाजूला आहे, असा निरोप झाला. दारू हरामच असल्यामुळे मुसलमान कुटुंबासाठी ही पाटी मटणाच्या पाटीइतकीच महत्त्वाची. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद केली, २०१७ मध्ये लहान गावांसाठी अंतर २२० मीटर केलं आणि नंतर शहर हद्दीला सूट दिली. या काळातल्या महामार्गावरच्या पाट्यांचा अभ्यास कोणीतरी करायला हवा, एम.फिल. बंद झालं नसतं तर सुरेख विषय होता.

मुलाखतींत सारखी येणारी आणखी एक गोष्ट. बायकापोरं बरोबर असली की कित्येक मुसलमान कुटुंबं सरळ 'प्युअर व्हेज' पाटी बघतात. मांस नाही म्हणजे कापण्याचा प्रश्न नाही, दारू बहुधा नाही, बाथरूम बरं असतं, बायका उघड बसू शकतात. ऑर्डर शेवभाजीची. म्हणजे खानदेशात 'हलाल फॅमिली रेस्टॉरंट'चं काम कितीतरी वेळा शुद्ध शाकाहारी हॉटेल करतं, आणि 'हलाल' शब्दाने शोधणाऱ्या संशोधकाला ते यादीत कधीच दिसणार नाही. तावेर्निएच्या वेळी बनिया गावात पीठ, तांदूळ, भाज्या, दूध घेऊन पुढे निघणारा मुसलमान वाटसरूही हेच करत असला पाहिजे.

प्रवाशांनी स्वतः याद्या केल्याची उदाहरणं जगात आहेत. अमेरिकेत व्हिक्टर ग्रीन या कृष्णवर्णीय टपाल कर्मचाऱ्याने १९३६ मध्ये 'ग्रीन बुक' सुरू केलं; कृष्णवर्णीय कुटुंबाला कुठल्या हॉटेलात हाकलणार नाहीत याची ती यादी, १९६० च्या दशकापर्यंत निघत राहिली. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने तिचे अंक ऑनलाइन ठेवलेत, संशोधक त्यांचे नकाशे करतात. आपल्याकडे अशी यादी तोंडी राहिली : मामूने सांगितलं, ड्रायव्हरने सांगितलं.

कागदावरचं 'हलाल' आलं ते परदेशी बाजारातून. मलेशियात १९७४ पासून सरकारी पातळीवर हलालची पत्रं दिली जाऊ लागली. भारतात जमियत उलमा-ए-हिंदचा हलाल ट्रस्ट २००९ चा. हा मुख्यतः निर्यातदार आणि कंपन्यांचा मामला. धुळ्याच्या खाटकाला प्रमाणपत्र विचारणारा अजून मला भेटलेला नाही. पण कागद आला की भांडणही आलं. १८ नोव्हेंबर २०२३ ला उत्तर प्रदेश सरकारने निर्यात सोडून हलाल-प्रमाणित मालाच्या विक्रीवर बंदी घातली. जुलै २०२४ मध्ये कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाद्यविक्रेत्यांनी नावं लावावीत असा आदेश निघाला. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला स्थगिती देताना सांगितलं की पदार्थ कोणता ते लिहायला लावा, नाव लिहायची सक्ती नको. माझ्या भाषेत, न्यायालयाने दुसरी पाटी थांबवून तिसरी ठेवली. ज्या नावांनी आपल्या रस्त्यांवर पन्नास वर्षं प्रवाशाला वाट दाखवली, तीच नावं सक्तीने लिहायला लावली की त्यांचा अर्थ उलटा होतो.

मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रात मंत्री नितेश राणे यांनी हिंदू खाटिकांच्या झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्र जाहीर केलं. पदार्थाबद्दलही बोलणारी आणि मालकाबद्दलही बोलणारी ही पाटी, त्यामुळे माझ्या तक्त्यात तिची नोंद दोन रकान्यांत आहे. ती आली तेव्हा मी मुलाण्याच्या प्रकरणाचा मसुदा लिहीत होते.

साधनांसाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ जरूर गाठा, १९२७ पासूनची संस्था आहे. आणि तुमच्या घरी जुन्या प्रवासाच्या फोटोत मागे एखाद्या हॉटेलची पाटी दिसत असेल, तर स्कॅन करून पाठवा. साल आणि गाव लिहायला विसरू नका.